दोन सरकारांच्या मधले मामाजी

राज्यघटना कोळून प्यायलेली माणसं दिल्लीत पुष्कळ असतील. मी पाहिलेला असा एकमेव माणूस समुद्रपूर तालुक्यातल्या एका खेड्यात खिळे, सुतळी आणि फवारणीचे पंप विकतो. ते माझ्या बायकोचे थोरले मामा. आम्ही त्यांना मामाजी म्हणतो आणि सगळं गावही तेच म्हणतं. घटनेत कामांच्या तीन याद्या आहेत, काही कामं केंद्राची, काही राज्याची आणि काही दोघांची मिळून, म्हणजे समवर्ती, एवढं शाळेत सगळेच शिकतात आणि परीक्षा संपली की विसरतात. मामाजी विसरले नाहीत. मोबाईलची रेंज गेली की केंद्र, डबक्यात डास झाले की राज्य, हे ते गिऱ्हाइकाला खिळे मोजता मोजता सांगतात. एकदा मी त्यांच्या दुकानात तापानं फणफणलेला बसलो होतो. त्यांनी कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाले, ताप तसा राज्याचा विषय, पण शेजारच्या राज्यातून आला असेल तर समवर्ती. मग स्वतःच मोटारसायकलवरून मला डॉक्टरकडे घेऊन गेले.

माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हाच गृहस्थ माझ्या कानाशी लागला. "जवाईबापू, लग्न समवर्ती यादीत हाये. दोघायचं जमलं नाई तर केंद्राचं चालते." केंद्र कोण, असं मी नजरेनंच विचारलं. त्यांनी अंतरपाटापलीकडे आपल्या भाचीकडे बोट दाखवलं. त्यांच्या स्वतःच्या घरी तर हा प्रश्न कधीच निकालात निघाला आहे. कोणत्याही यादीत न बसणारी सगळी उरलीसुरली कामं घटनेनं केंद्राकडे दिली आहेत, आणि त्या घरातली उरलीसुरली कामं, म्हणजे जवळजवळ सगळीच, मामी करतात. भाजीत मीठ कमी आहे हे सांगायलाही मामाजी त्यांची परवानगी काढतात.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग गावाची एसटी बंद झाली.

गाव राष्ट्रीय महामार्गापासून दोन किलोमीटर आत आहे. महामार्ग केंद्राचा, गावाचा रस्ता राज्याचा. दोन्ही रस्ते जिथे मिळतात तिथे दहा पावलांचा एक तुकडा असा होता, की तो कुणाचाच नव्हता. महामार्ग उंच झाला, त्याचं पाणी या तुकड्यात उतरू लागलं आणि तिथे म्हैस बसेल एवढा खड्डा पडला. दोनदा गाडी अडकल्यावर ड्रायव्हरनं बस आत आणणं सोडलं. समुद्रपूरला कॉलेजात जाणाऱ्या मुलींना संध्याकाळी महामार्गावर उतरून चालत यावं लागे. एकेका बापानं आपापल्या मुलीला घरी बसवायला सुरुवात केली.

त्यातलीच शेजारची वैशाली. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती. ती दुकानात आली आणि सामान्य ज्ञानाचा प्रश्न विचारावा तसं तिनं विचारलं, "मामाजी, शिक्षण कोणत्या यादीत हाये?"

"समवर्ती. दोघायचं हाये ते."

"मंग दोघंबी काऊन नाई येऊन राह्यले?"

त्या दिवशी मामाजी जेवले नाहीत, असं मामींनी मला फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी वैशालीच्या वडिलांना भेटून त्यांनी सहा महिन्यांची मुदत मागितली. तोवर पोरीला आपण स्वतः मोटारसायकलवरून महामार्गापर्यंत नेऊ-आणू, असा शब्द दिला आणि पत्रं लिहायला बसले. केंद्राच्या कार्यालयानं कळवलं की तो तुकडा आमच्या हद्दीबाहेर आहे. राज्याच्या कार्यालयानंही तेच कळवलं. दोन्ही उत्तरं अतिशय नम्र होती. मामाजींनी ती घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवली. मी म्हटलं, आता उपोषणाला बसा. ते म्हणाले, कुणाशी भांडू, दोघंही खरं बोलून राह्यले.

मग त्यांनी एकच गोष्ट केली. दोन्ही कार्यालयांत पाच-सहा खेपा घालून दोन्ही इंजिनियरांना एकाच दिवशी, एकाच वेळी जागेवर बोलावलं. दुसराही येणार आहे, हे मात्र दोघांनाही सांगितलं नाही. मी त्या दिवशी मुद्दाम गेलो होतो. केंद्राचे साहेब वयस्कर, निवृत्तीला आलेले. राज्याकडून एक तरुण बाई आल्या होत्या. एकमेकांना पाहून दोघेही जरा अवघडले. मामींनी थर्मासमधला चहा दिला. मग साहेबांनी आपला नकाशा काढला, बाईंनी आपला. टेप धरायला मामाजीच पुढे झाले. दोन्हीकडून मोजून झालं तेव्हा ते त्या खड्ड्याच्या मधोमध, पोटरीएवढ्या चिखलात, टेप छातीशी धरून उभे होते. साहेब त्यांच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मी आता जातो कार्यालयात, पण हे काका इथंच उभे दिसतील मला." बाई म्हणाल्या, पाणी काढायला पाइप आमचं खातं टाकेल, वरचं डांबर तुम्ही घ्या. तिथेच, मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून दोघांनी सह्या केल्या.

काम व्हायला मुदतीपेक्षा दोन महिने जास्त लागले. ते आठही महिने मामाजींच्या मोटारसायकलवर पुढे टाकीवर वह्या आणि मागे वैशाली, हे चित्र गावानं रोज पाहिलं. आता बस गावात येते. घरी बसवलेल्या मुलींपैकी दोघी सोडून सगळ्या परत कॉलेजात जाऊ लागल्या. त्या दोघींची तोवर लग्नं झाली होती. त्यांचा विषय निघाला की मामाजी याद्यांबद्दल काही बोलत नाहीत. वैशाली वर्ध्याला एमएस्सी करते.

या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा परतताना मला सोडायला म्हणून ते बसमध्ये चढले आणि समुद्रपूरपर्यंत आले. हल्ली थकलेत. खिडकीशी बसून डोळे मिटले, मला वाटलं झोपले. बस गावाच्या रस्त्यावरून वळून महामार्गाला लागली, वेग घेतला.

"गेला का तो तुकडा?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"केव्हाच गेला, मामाजी."

"मले समजलंच नाई," ते म्हणाले, आणि नीट सरकून, मान मागे टेकून बसले.