विहीणबाईंचा अंगठा

जगातली झाडून सगळी भांडणं बोथट सुरीमुळे होतात, असं मनापासून मानणारी एकच बाई मी आयुष्यात पाहिली, आणि नेमकी तीच माझी विहीण निघाली. भाऊबंदकी असो, सासू-सुनांची धुसफूस असो, ग्रामपंचायतीतली हमरीतुमरी असो, नाहीतर कुणाच्या पोराचं दहावीला गणित राहिलेलं असो, विहीणबाई माग काढत काढत शेवटी कुणाच्यातरी स्वयंपाकघरात पोचत आणि तिथे त्यांना एक धार गेलेली सुरी सापडे. त्यांचं शास्त्र सोपं होतं. सुरी बोथट म्हणून कांदा चेंगरतो, कांदा चेंगरला म्हणून डोळे झोंबतात, डोळे झोंबले म्हणून बाई चिडते, आणि बाई चिडली की मग त्या घरात जे व्हायचं ते होतं. "पुरुषमाणसं उगाच कोर्टात जातात," त्या म्हणत. "आदी घरातली सुरी बगा."

त्या दातिवऱ्याकडच्या. नारळी, केळी, चिकू अशी भरली वाडी, दारात गाडी, आणि या सगळ्याहून मोलाचा असा एक धारेचा दगड. वीतभर लांब, काळपट, झिजून झिजून मधोमध पोट खपाटीला गेलेला. तो ओल्या फडक्यात गुंडाळून बिस्किटांच्या जुन्या डब्यात असे आणि डबा त्यांच्या पिशवीत असे. बारशाला जावोत की बाराव्याला, औषधं घरी राहतील पण दगड राहायचा नाही. कुणाकडे गेल्या की पाणी पिण्याआधी त्या सरळ आत शिरत, ओट्यावरची सुरी उचलत, अंगठ्याचं पेर पात्यावर आडवं फिरवत आणि डोळे मिटत. मग निकाल. सुरी चांगली असेल तर त्या काहीच बोलत नसत. वाईट असेल तर "हं" म्हणत. फारच वाईट असेल तर घरच्या बाईच्या पाठीवरून हात फिरवत, जणू तिच्याकडे नुकतंच काहीतरी घडून गेलं आहे.

माझ्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला तो माझ्या मुलीला बघायला आल्या तेव्हा. मी त्या काळी बोईसरला, कंपनीच्या कॉलनीत राहणारी, स्वतःला फार आधुनिक समजणारी बाई होते. माझ्याकडे मिक्सर होता, ओव्हन होता (त्यात मी पापड ठेवत असे), आणि एक सुरी होती. त्या सुरीनं मी रंगाचे डबे उघडत असे, कुकरच्या दांड्याचा स्क्रू पिळत असे, नारळाच्या वाटीतून खोबरं उचकटत असे आणि उरलेल्या वेळात भाजी चिरत असे. धार गेलीशी वाटली की ओट्याच्या कडेला दोनदा खर्र खर्र घासायची आणि मान उंच करून भेंडीकडे बघायचं. भेंडी चिरली जात नसे, शरण येत असे. मी पोह्यांवर खोबरं कोथिंबीर पेरली, मुलीला साडी नेसवली, मुलीनं बनवलेली भरतकामं टीपॉयवर सहज पडल्यासारखी मांडली. विहीणबाईंनी मुलीकडे एकदा पाहिलं, पोहे संपवले आणि म्हणाल्या, "मुलगी बगितली. आता सुरी दाखवा."

मला वाटलं, वाडीकडची काही रीत असेल. मी ती सुरी धुऊन, पुसून, चक्क ताटलीत ठेवून आणली. त्यांनी उलटसुलट केली आणि मला शांतपणे विचारलं, "हिची धारेची बाजू कंची?" मी मूर्खासारखी बोटानं दाखवली. त्यांनी अंगठा फिरवला, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. मग बाहेर जाऊन आपल्या यजमानांना म्हणाल्या, "मुलगी पसंत हाय. या सुरीवर इतकी वर्सं काढली तिनं, म्हंजे सोशिक हाय."

लग्न पालघरला, हॉलमध्ये झालं. मुलीच्या आईला लग्नात दोनच भीती असतात, एक जेवण कमी पडण्याची आणि दुसरी विहीण रुसण्याची. माझ्या मावशा-आत्यांनी ही दुसरी भीती माझ्या डोक्यात इतकी भरली होती की मी महिनाभर झोपेत माफी मागत होते. विहिणीची पंगत मांडली, रांगोळ्या, चांदीची ताटं, उदबत्त्या, आणि मधल्या पाटावर विहीणबाई नाहीत. "रुसली," आत्या म्हणाली. एवढी समाधानी मी तिला कधी पाहिली नव्हती. मी ताबडतोब बहिणीच्या हाती एक साडी पाठवली. बहीण हात हलवत परत आली, म्हणाली, "साडी घेतली, पण उठत नाहीत." मग मी स्वतःसाठी घेतलेली जांभळी साडी पाठवली. तीही घेतली, पण उठल्या नाहीत. अखेर मी आमच्या ह्यांना पाठवलं आणि बजावलं, काय हवं ते कबूल करून या. हे परत आले ते विचारात पडलेले. म्हणाले, "त्या म्हणतात साड्या पुरे, आता बादलीभर पाणी पाठवा."

हॉलच्या मागे, भांडी घासायच्या जागी, विहीणबाई शालू खोचून, नाकात नथ घालून बसल्या होत्या. समोर दगड, शेजारी आचाऱ्याच्या सगळ्या सुऱ्या ओळीनं मांडलेल्या, आणि आचारी शाळेत शिक्षा झाल्यासारखा उभा. "कोतमीर चिरत नव्हते वो," त्या मला म्हणाल्या, "जीव घेत होते बिचारीचा." शेवटची सुरी होईपर्यंत पंगत थांबली. मग हातावरची दगडाची राखाडी धुऊन त्या पाटावर येऊन बसल्या आणि व्यवस्थित जेवल्या. साड्या मात्र दोन्ही ठेवून घेतल्या. मान तो मान.

मुलगी सासरी गेल्यावर मी फोन करून विचारायची, "सासूबाई कशा आहेत?" ती म्हणायची, "छान आहेत. माझं बोट कसं आहे ते विचार." त्या घरातल्या सुऱ्यांना धारच अशी की वांग्याला आपण चिरले गेलो आहोत हे संध्याकाळी कळायचं. टोमॅटोची चकती भिंतीसमोर धरली तर पलीकडचं घड्याळ वाचता यायचं, आणि विहीणबाई ते पाहुण्यांना वाचायला लावायच्या. एकदा मी राहायला गेले तेव्हा मोठ्या हौसेनं चिरायला बसले. आयुष्यभराच्या सवयीनं जोर लावला. टोमॅटो, ताटली आणि माझं बोट, यांपैकी ताटली वाचली. विहीणबाईंनी हळद आणली, बोट बांधलं आणि म्हणाल्या, "तुमी कापत नाय, विहीणबाई. तुमी ढकलता." त्या वेळी मला याचा राग आला होता. पुढे विचार केला तेव्हा लक्षात आलं की माझा संसार, माझं शिवणकाम आणि माझं इंग्रजी, सगळंच मी तसं केलं होतं.

त्यांचे यजमान वारल्यावर वाडी थोरल्या मुलाकडे सोपवून त्या बोईसरला आल्या, एव्हाना इथे फ्लॅट घेतलेल्या माझ्या मुलीकडे, म्हणजे माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. फ्लॅटच्या गॅलरीत पाट टाकून त्यांनी दगड मांडला. खाली कंपन्यांच्या बसेस पाळीची माणसं भरत, वर विहीणबाईंची पाळी सुरू. शेजारच्या खोलीत राहणारी कारखान्यातली पोरं पहिल्यांदा बिचकत आली. "अम्मा, जरा इसको भी देख लो." विहीणबाईंचं हिंदी त्यांच्या सुऱ्यांइतकंच थेट होतं. "रख के जाव. कल आव. और दांत से पाकीट फाडो, इससे मत फाडो." जावयानं फोनवरून मागवून धार लावायचं एक यंत्र आणलं, खाचेतून सुरी ओढायचं. त्यांनी ते दोनदा वापरून पाहिलं आणि परत खोक्यात ठेवून दिलं. "हे खरवडतंय. खरवडणं आणि धार लावणं यात फरक हाय," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा दगडाकडे वळल्या. जावई गप्प बसले. ते बँकेत आहेत, गप्प बसायची त्यांना सवय आहे.

मग यंदा विहीणबाईंचा अंगठा कापायला लागला. एकदा नाही, सारखा. माझ्या मुलीला कधी कपाच्या कानाला रक्त दिसे, कधी उशीच्या अभ्र्याला, आणि विहीणबाईंना विचारलं तर त्या स्वतःच आश्चर्यानं अंगठ्याकडे बघत. डोळे तपासून झाले. डोळे ठणठणीत. तरी नवराबायकोचं ठरलं की वय झालं, आता दगड घरात नको. पण सांगणार कोण? "आई, तू सांग. तुझं ऐकतील त्या," मुलगी म्हणाली. "गोड बोल आणि दगड तुझ्याकडे घेऊन जा." माझं ऐकल्याचा एकही पुरावा माझ्याकडे नव्हता, तरी मी गेले. विहीण रुसण्याची जुनी भीती सोबत होतीच.

दुपारची वेळ, मुलगी-जावई कामावर. गॅलरीत शेजारच्या पोरांच्या सुऱ्या होत्या, एकाच गाडीवरून घेतलेल्या, सगळ्या सारख्या, लाल मुठीच्या. धार लावलेल्या उजवीकडे, लावायच्या डावीकडे. विहीणबाई दगडाला पाणी आणायला आत गेल्या आणि माझी जित्याची खोड जागी झाली. दगड काढून घ्यायचाच आहे, तर निदान जाता जाता एकदा या बाईची गंमत करू. मी डावीकडची एक बोथट सुरी उचलून उजवीकडच्या ओळीत सरकवली आणि त्या येताच ओळीतून तीच काढून त्यांच्या पुढे केली. म्हटलं, "ही जरा बघा बरं." मला ते "हं" ऐकायचं होतं.

त्यांनी अंगठा आडवा फिरवला. डोळे मिटले. मग डोळे उघडून त्यांनी सुरीकडे नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं. "तुमाला कशी वाटते?" त्यांनी विचारलं.

त्यांनी कुणाला कधी हे विचारल्याचं मला आठवत नव्हतं. मी गमतीच्या भरात म्हटलं, "झकास."

"मग हायच झकास," त्या म्हणाल्या आणि सुरी उजवीकडे ठेवून दिली.

खाली एक बस बराच वेळ हॉर्न वाजवत उभी होती. मी ती सुरी परत उचलली, स्वतःचा अंगठा फिरवला आणि म्हटलं, "नाही हो. परत बघितली. हिला धारच नाही."

"मला वाटलंच," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"काय कदीपासून?"

"अंगठा."

त्या फडकं पिळत बसल्या. कोरडं झालं तरी पिळत होत्या. "आंबे यायच्या आदीपासून," त्या शेवटी म्हणाल्या. "लागतच नाय काय. म्हणून जोरात दाबून बगते. मग कापतो." मग दुसरीकडे बघत, "पोराला सांगू नका, विहीणबाई. दगड नेतील. मग मी दिवसभर काय टीव्ही बगू?"

दगड न्यायलाच मी आले होते, पिशवीसुद्धा मुद्दाम जाड आणली होती. मी त्यांना एकच अट घातली, की माझ्याबरोबर रक्त तपासायला यायचं. त्या आल्या. साखर निघाली, गोळ्या सुरू झाल्या. रक्त काढणाऱ्या मुलीला मात्र त्यांनी सांगितलं की सुई बोथट आहे, आणि ती पोर अजून मला रस्त्यात बघून वळते. घरी आम्ही साखरेचं सांगितलं, अंगठ्याचं नाही. आमचं असं ठरलं की मी असल्याशिवाय दगड डब्याबाहेर काढायचा नाही. दगडावर हात त्यांचा, पात्यावर अंगठा माझा. तेव्हापासून त्यांना खरचटलंदेखील नाही. पहिले काही दिवस माझ्या अंगठ्यापायी त्यांचा फार जीव गेला. "आडवा वो, आडवा. लांबीनं फिरवाल तर तुमचाच हिशेब होईल," असं शिकवता शिकवता त्या मला ज्या नजरेनं बघत, त्या नजरेनं मी पूर्वी माझ्या मुलीच्या पोळ्या बघत असे.

मुलगी दर आठवड्याला विचारते, "नेलास का गं दगड?" मी कपाळावर हात मारून म्हणते, "अय्या, विसरले." सुरुवातीला ती हसली. मग हसेनाशी झाली. जावई अलीकडे मला मधूनच विचारतात, "आई, आज वार कुठला?" मी बरोबर सांगते, त्यामुळे ते आणखी काळजीत पडतात. परवा मुलीनं माझ्या स्मरणशक्तीसाठी डॉक्टरांची वेळ घेतली. मी विहीणबाईंना ते सांगितलं. त्यांनी बराच विचार केला. "जा बाई, पोरगी बोलवते तर," त्या म्हणाल्या. "पण गोळ्या दिल्या तर घेऊ नका. बऱ्या झालात तर माजी पंचाईत."

त्या दिवशी मुलीची भाजीची सुरी दगडावर होती. ऊन गॅलरीतून निघून गेलं तरी चाललं होतं. खांदा दुखतोय हे त्या बोलत नाहीत, पण हात बदलतात, आणि तो त्यांनी बरेचदा बदलला होता. अखेर सुरी पुसून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. मी अंगठा फिरवला. मुठीकडे धार छान लागत होती, टोकाकडे मात्र पातं गुळगुळीत सरकत होतं. झाली म्हटलं असतं तर त्यांना कळलं नसतं. मुलीलाही कळलं नसतं, ती माझ्याच वळणाची आहे.

"टोकाकडे राहिलीय," मी म्हटलं.

सख्ख्या नवऱ्याच्या शब्दावरही ज्यांनी कधी धार मानली नव्हती, त्या विहीणबाईंनी माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं, दगडावर थोडं पाणी शिंपडलं, आणि सुरी टोकाकडून पुन्हा टेकवली.