दोन वर्षं न उडालेला बल्ब

आमच्या गल्लीतल्या वायरमनचं तोंड एरवी बंद म्हणून नसतं. त्या रात्री मात्र गडी स्वतःच्याच घरात चोरासारखा बसला होता. कारण त्याची वहिनी शिलाई मशीन विकायला निघाली होती.

थोरला भाऊ गेल्यापासून वहिनी कोट शिवून स्वतःच्या पायावर उभी होती. तिच्या मशीनवरचा बल्ब दर चार महिन्यांनी उडायचा. छत उंच आणि वायरमनचे गुडघे कुरकुरे. शिडी चढायचा कंटाळा येऊन त्यानं एकदा जास्त व्होल्टचा बल्ब लावून टाकला. असा बल्ब घरच्या विजेवर अर्धपोटी जळतो. आतली तार कमी तापते, म्हणून टिकते खूप. पण उजेड पिवळा, मरगळलेला, आणि उजेड जितका घटतो तितकी वीजही वाचत नाही. साहेबांना हे सगळं तोंडपाठ. वहिनीला सांगितलं एवढंच, "टिकाऊ आहे!"

बल्ब दोन वर्षं गेला नाही. "भाऊजींच्या हाताला यश आहे," वहिनी येईल त्याला सांगायची आणि हा शहाणा मिशीतल्या मिशीत हसायचा.

मग कोटांच्या दुकानदारानं बारा काळे कोट परत धाडले. शिवण वाकडी.

"वय झालं हो भाऊजी, मशीन विकून टाकते," वहिनी जेवताना म्हणाली. "काळ्यावर काळा दोरा दिसतच नाही."

वायरमननं उचललेला घास परत ताटात ठेवला.

"आणि दिवसा, दारात बसल्यावर?"

"दारात काय, मुंगीचे पायसुद्धा मोजीन."

"मग डोळे नाहीत वहिनी... बल्ब." ताटाकडे बघत त्यानं सगळं ओकून टाकलं.

"दोन वर्षं मी डोळ्यांत औषध घालतेय," वहिनी सावकाश म्हणाली. "आणि बाटली आणून कोण देत होतं? तुम्ही!"

"गुडघे दुखत होते..."

"मग बोलायचं होतं! मी चढले असते. मी काय काचेची आहे?"

त्यानं तेव्हाच लख्ख बल्ब लावला. वहिनीनं पहिल्याच फटक्यात सुईत दोरा ओवला, आणि वायरमनला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं एक कोट उसवून नव्यानं शिवला आणि त्याच्या हातात कोंबला.

"माझ्यापुढे मान खाली घालून काय उपयोग? दुकानदारापुढे घाला."

दुकानात गिऱ्हाइकांची ही गर्दी. दुकानदारानं विचारलं, "बाईंचे डोळे कसे आहेत?"

"ठणठणीत आहेत," वायरमन सगळ्यांसमोर म्हणाला. "अंधार मी केला होता."

सगळं ऐकून दुकानदारानं शिवणीवरून अंगठा फिरवला.

"उरलेले अकरा परवा पाठवा. आणि तुम्ही आणू नका, बाईंनाच येऊ द्या, पुढचं काम त्यांच्याच हाती देतो."