दर्यापूरचा खारा ढीग

आमच्या पुण्याच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत करायचा प्रयत्न दोनदा झाला. दोन्ही वेळा वास सुटला, तक्रारी आल्या, खड्डा बुजवला. तिसऱ्यांदा विषय निघाला तेव्हा अमरावतीची एक मैत्रीण म्हणाली, "दर्यापूरला नफीसा आपा आहेत. उर्दू शाळेतून निवृत्त झाल्या आणि आता दोन मोहल्ल्यांच्या कचऱ्याचं खत करतात. जाऊन बघ."

मे महिना होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, "वऱ्हाडात? आत्ता?" त्या वर्षांत वऱ्हाडाचं नाव वर्तमानपत्रात एकाच कारणासाठी, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी, येत असे. मला तिथलं दुसरं काहीतरी बघायचं होतं. मी तिकीट काढलं.

पुण्याहून रात्रीची गाडी सकाळी मूर्तिजापूरला सोडते. तिथून दर्यापूरला बस आहे, वडाप जीप आहे, आणि शकुंतला आहे. ही छोटी रेल्वे दिवसातून एकदा जाते आणि एकदा येते. घाई असेल तर जीप घ्या. घाई नसेल तर स्टेशनबाहेर गरम आलूबोंडे बांधून घ्या आणि शकुंतलेत बसा. तिकीट आलूबोंड्यांपेक्षा स्वस्त पडतं. फाटक आलं की गाडी थांबते. एक जण उतरून फाटक लावतो, गाडी पुढे जाऊन पुन्हा थांबते, तो फाटक उघडून परत चढतो. दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी जमीन, भेगाळलेली, क्षितिजापर्यंत. झाडं कमी. अशी मोकळी जमीन मी पूर्वी पाहिली नव्हती.

समोरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ होते.

"कोनाकडे चालल्या, बाई?"

"नफीसा आपांकडे. त्यांचं कचऱ्याचं काम बघायला."

"कचरा पाहाले? पुन्यावून?" त्यांनी शेजाऱ्याला कोपराने ढोसलं. "आयकलं का रे? आमच्या घरी बी हाय कचरा, बाई. फुकट दाखवतो."

सगळा डबा हसला. मग त्यांनीच मला आपांच्या घराचा रस्ता समजावून सांगितला. उतरल्यावर पुन्हा एकदा, हातवारे करून.

आपा दारातच उभ्या होत्या. उंच, सुती साडी, डोक्यावरून पदर, शाळेत हजेरी घ्यावी तसा आवाज. आत गेल्यावर त्यांनी आधी पाणी समजावलं. ओट्यावरच्या माठात गोडं पाणी. ते नळाचं, चार-पाच दिवसांतून एकदा येतं, पिण्याला आणि स्वयंपाकाला. मोरीतल्या टाकीत बोअरचं पाणी. ते बाकी सगळ्याला.

"ह्या भागाले खारपाणपट्टा म्हनतात, बेटा. जमिनीतलं पानी खारं. तोंडात घेऊ नोको. साबनाले फेस येनार नाई, घाबरू नोको."

फेस आला नाही. केस धुतले ते दोरखंडासारखे झाले. तुम्ही गेलात तर डोक्याला बांधायला सुती ओढणी न्या. उन्हासाठीही लागते आणि केस लपवायलाही.

जेवायला ज्वारीची भाकर, मूगवड्यांची रस्सेदार भाजी, कांदा आणि कैरीचं पन्हं होतं. दुपारी गाव दारं लावून झोपतं. आपण वेगळं काही करायला जाऊ नये.

ऊन उतरल्यावर आपा मला कामाच्या जागी घेऊन गेल्या. गावाच्या टोकाला एक बंद पडलेलं जिनिंग आहे. तिथे पूर्वी सरकीपासून रुई वेगळी करत. त्याच्या मागचं आवार मालकाने वापरायला दिलेलं आहे. घराघरांतून हातगाडीवर दोन प्रकारचा कचरा येतो. कोरडा सत्तारभाई नेतात. त्यांचं भंगाराचं दुकान तिथून चार पावलांवर आहे. ओल्याचे लांबट ढीग लागतात, त्यात पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचे, तुकडे मिसळतात. वर पोत्यांचं पांघरूण. दोन महिने उलटसुलट करायचं आणि पाणी मारायचं. वास नव्हता. मी वाकून हुंगलं.

सत्तारभाई आवारातच होते. बुटके, बोलघेवडे, बाटल्यांचा ढीग निवडत बसलेले.

"मॅडम, पुन्याचं प्लास्टिक अन् दर्यापूरचं प्लास्टिक शेवटी एकाच कारखान्यात जाते," ते म्हणाले. "तिथं दोघायची भेट होते. आमचं काई तिथं लाजत नाई."

आपा हसल्या नाहीत. त्या भिंतीकडेला दोन डब्यांसमोर उभ्या होत्या. तेलाचे डबे आडवे कापून त्यांचे ट्रे केलेले. खत शेतकऱ्याला द्यायच्या आधी त्या नेहमी मूग पेरून बघतात. डाव्या डब्यात नुसती शेतातली माती, उजव्यात खत मिसळलेली. डावीकडे मूग बोटभर वर आले होते. उजवीकडे दोन-तीन पिवळे कोंब आणि बाकी काळी माती.

"तिसऱ्यांदा पेरले," आपा म्हणाल्या.

"बियानंच खराब अशीन," सत्तारभाई म्हणाले.

"बियानं एकाच पुडीतलं हाय, सत्तार."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभाकरभाऊ बैलगाडी घेऊन खत न्यायला येणार होते. प्रभाकरभाऊ कपाशी आणि मूग घेणारे शेतकरी, जमीन गावाला लागूनच. ते काय करतात ते बघून आजूबाजूचे ठरवतात. आणि जिनिंगच्या मालकाची अट होती की पेरणीच्या आधी खत उचललं गेलं तर जागा राहील. ढीग पडून राहिला तर आवार रिकामं करून घेणार. जागा गेली की ढीग गेले, आणि सगळ्या घरांमधला कचरा पुन्हा नाल्यात. आपांनी हे मला सरळ, एका दमात सांगितलं.

मग आपा तयार ढिगाभोवती फिरू लागल्या. पोतं उचललं, खत मुठीत दाबलं, सोडलं. ढिगाच्या कडेला जिथे पाणी वाळलं होतं, तिथे पांढरी पापुद्र्यासारखी किनार होती.

"ही पाहून आमी खूश झालो होतो," त्या म्हणाल्या. "बुरशी आली, म्हनजे खत पिकून राहिलं."

त्यांनी ती किनार नखाने खरवडली. बोटांत चोळली. बुरशी अशी खरखरत नाही. त्यांनी बोट माझ्यापुढे धरलं. मी जिभेला लावलं. मीठ.

मागचे ढीग पावसाळ्यात आणि हिवाळ्यात लागले होते. हा उन्हाळ्यात लागला. रोज बोअरचं पाणी मारलं, रोज ते उडून गेलं, मीठ राहिलं. ज्या पाण्याने गावात कोणी चूळ भरत नाही, ते ढिगाला पाजताना कोणाच्या मनात शंका आली नव्हती. खाण्यापिण्याचं सोडून बाकी सगळ्याला ते पाणी. ढीग बाकीमध्ये आला.

"आपा," सत्तारभाई जरा हळू आवाजात म्हणाले, "उद्या भरून द्या गाडी. मिरगाचा पाऊस पडला की धुवून जाते सारं. कोनाले काय समजते?"

"अन् नाई पडला तं?"

सत्तारभाईंनी एक बाटली उचलली आणि तिचं बूच फिरवत बसले.

त्या रात्री गच्चीवर खाटा टाकून आम्ही झोपलो. आपा शाळेतल्या मुलींबद्दल बोलत राहिल्या.

सकाळी प्रभाकरभाऊ आले. मोठ्या मिशा, खांद्यावर दुपट्टा, बैलांशी बोलत बोलत. गाडी फाटकातून आत वळते न वळते तोच आपा पुढे गेल्या.

"भाऊ, बैल सोडू नोका. खत बिघडलं. खारं झालं."

"काय म्हनता?"

आपांनी दोन्ही डबे आणून त्यांच्यापुढे ठेवले. बोअरच्या पाण्याचं सांगितलं. सबब सांगितली नाही. प्रभाकरभाऊंनी उजवा डबा उचलून उन्हात धरला. ढिगातलं चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि थुंकले.

"भाजीत टाकाले चालते," ते म्हणाले. कोणी हसलं नाही. "मले काल सांगाचं होतं ना, आपा. सकाळी सकाळी बैलायले कायले दमवलं?"

"कालच संध्याकाळी समजलं. निरोप धाडाले पायजे होता. चुकलं माझं."

ते गाडीच्या चाकाला टेकले. सत्तारभाई चहा घेऊन आले. चहा झाला. मग प्रभाकरभाऊंनी विचारलं, "मालक काय म्हनला होता? खत वावरात गेलं पायजे, का उचललं गेलं पायजे?"

"उचललं गेलं पायजे."

"मंग उचलतो." ते उठले. "वावरात नाई टाकत. बांधावर टाकतो, उघडं. पडला पाऊस तं मीठ जाईन, पुढच्या साली पाहू. नाई पडला तं बांधाचं काय बिघडते? तिथं तसंबी काई उगवत नाई." मग बोट दाखवून, "पन आपा, नव्या ढिगाले बोअरचा थेंब नोको. ते झालं तं मी पुन्हा येत नाई. सांगून ठेवतो."

आम्ही सगळ्यांनी मिळून गाडी भरली. खेपा दुपारपर्यंत चालल्या. माझ्या हाताला फोड आले. सत्तारभाई म्हणाले, "मॅडम, पुन्याले नेऊन दाखवा, सर्टिफिकेट हाय ते."

आता प्रश्न गोड्या पाण्याचा. मे महिन्यात, नळ चार-पाच दिवसांनी येतो अशा गावात. आपांनी खेपा चालू असतानाच ठरवलं होतं. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी घरोघरी असतं. ते मागायचं. संध्याकाळी मी त्यांच्यासोबत गल्ल्यांमधून फिरले.

मोहल्ल्यातल्या बायकांनी ऐकून घेतलं. काही हो म्हणाल्या, काही बघू म्हणाल्या. पलीकडच्या गल्लीत लतावहिनी राहतात. त्यांच्या ओट्यावर बायकांचा अड्डा असतो. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"धुवण तं माही बकरी पेते. बकरीच्या तोंडचं मागून राहिल्या तुमी?"

"अर्धं दे. अर्धं बकरीले."

"पह्यले कचरा मागतला. आता पानी मागता. उद्या जेवाले येऊन बसान."

"बसीन ना," आपा म्हणाल्या. "काय करनार हायेस?"

ओट्यावर हशा पिकला. लतावहिनीही हसल्या, पण हो म्हणाल्या नाहीत. आम्हाला चहा मात्र पाजला.

पुढच्या सकाळी हातगाडीवर बादल्यांच्या बाजूला सत्तारभाईंनी धुऊन दिलेला पत्र्याचा पिंप होता. मी बस पकडायच्या आधी आवारात गेले. पिंपाचा तळ जेमतेम झाकला होता. आपांनी ते पाणी नव्या ढिगावर मगाने शिंपडलं, एका टोकालाच पुरलं.

"लताने अर्धी बादली देल्ली," त्या म्हणाल्या. "बकरी नाराज हाय म्हने."

मी विचारलं, "पुरेल का?"

"आज नाई पुरलं," आपा म्हणाल्या आणि हातातला मग उपडा करून ठेवला.

परतीला मी वेगळी वाट घेतली. दर्यापूरहून अकोटला एसटी जाते, रस्ता खडबडीत, खिडकीची काच लागत नाही, धूळ गृहीत धरा. अकोट कापसाच्या बाजाराचं गाव. स्टँडसमोर कचोरी चांगली मिळते. तिथून अकोल्याला बस पाहिजे तेव्हा मिळते. अकोल्यात संध्याकाळीही भिंती गरम होत्या. स्टेशनवर पाणी भरून घ्या, आणि चव घेऊन मग भरा. रात्रीची गाडी पुण्याला आणते.

सोसायटीच्या बैठकीत मी जे पाहिलं ते सांगितलं. कोणीतरी विचारलं, "म्हणजे त्यांचंही फसलंच की." मी हो म्हटलं. हे लोक फसलेलं कसं सांगतात, तेही सांगायचा प्रयत्न केला. ते नीट सांगता आलं नाही. आमचा खड्डा यंदा पुन्हा खणला आहे. वास येतो, पण कमी. कोणी विचारलं तर मी लपवत नाही, आणि हे मला दर्यापूरने शिकवलं असावं.

दसऱ्याच्या सुमारास आपांचा फोन आला. मालक येऊन खत उचललेलं पाहून गेले; जागा आणखी एका वर्षासाठी राहिली. नवा ढीग धुवणावर चालला आहे. सणासुदीला पिंप भरतो, एरवी अर्धा.

"अन् पाऊस?" मी विचारलं.

"पडला. उशिरा पडला, पन पडला. प्रभाकरभाऊच्या बांधावर कोहळ्याचा वेल आला आपोआप. आपल्या ढिगातल्या बिया. हे मोठं कोहळं लागलं."

कोहळं म्हणजे आपला लाल भोपळा. त्याची भाजी वऱ्हाडात सणाला लागते.

"मग खाल्लं का?"

"कुठचं खातो! भाऊंनी आनून माझ्या दारात ठेवलं, म्हने ज्याच्या घरचं बी त्याले द्या. आता लता म्हनते तिच्या घरचं. माझ्या शेजारची सलमा म्हनते तिच्या घरचं. आज सकाळपासून भांडून राहिल्या दोघी." त्या हसत होत्या. मागून खरंच बायकांचे आवाज येत होते. "थांब, फोन ठेवते. विळी आनाले सांगितली मी. मोहल्ल्यात वाटते आता."