'ब'चा 'म' आणि 'म'चा 'ब'

प्रश्न साधा आहे. जुना आजार शांत असताना एखाद्या संध्याकाळी आवाज बिघडला, तर आजार परतला की दुसरेच काही झाले, हे घरी बसून कसे ओळखावे? उत्तर शोधताना माझे बरेच बळ गेले, म्हणून ते मांडून ठेवते.

माझ्या आजाराचे नाव मायस्थेनिया ग्रॅव्हिस. यात शरीराची संरक्षक यंत्रणाच वाट चुकते आणि नसांनी स्नायूंना पाठवलेला निरोप मध्येच अडवते. स्नायू वापरावा तसा थकत जातो, विसावला की थोडा सावरतो. पापण्या उतरतात, घास गिळवत नाही, आवाज नाकात जातो. हा आजार मला पहिल्यांदा भेटला श्रुतलेखनाच्या तासाला. ब्रह्मपुरीजवळच्या खेड्यात मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. 'बैल दारात उभा आहे' असे मी सांगितले. वह्या पाहिल्या, तर साऱ्या वर्गाने 'मैल नारात उमा आहे' असे लिहिले होते. एका मुलाची चूक ही मुलाची, पण अख्ख्या वर्गाची एकच चूक ही शिकवणाऱ्याची, हा नियम मला ठाऊक होता. माझे काय चुकले, ते मात्र नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितले. टाळूचा मऊ पडदा दमला होता. 'ब' म्हणताना नाकाची वाट बंद व्हावी लागते. ती उघडी राहिली की 'ब'चा 'म' होतो आणि 'द'चा 'न'.

पुढची काही वर्षे गोळ्यांत, सुजलेल्या चेहऱ्यात आणि पातळ पेजेवर गेली. मग डॉक्टर म्हणाले, "आजार शांत झालाय. गेला असं मात्र म्हणू नका." त्यालाही आता बरीच वर्षे झाली. शेजारणी विचारतात, "आता आराम हाये नं, बाई?" मी हो म्हणते, आणि ते खरे असते. पण या कृतज्ञतेत दमणूकही आहे. भाताचा घास सरळ खाली गेला, याची मनात नोंद होते. केस विंचरून होईपर्यंत हात वर राहिला, याचीही होते. इतरांकडे न सांगता हजर असलेल्या गोष्टींची मला रोज हजेरी घ्यावी लागते.

निवृत्तीनंतर पावसाळ्यात आमच्या बुद्धविहारातले संध्याकाळचे ग्रंथवाचन माझ्याकडे आले. वर्षावासाचे तीन महिने ते चालते. ऐकायला येणाऱ्या बाया दिवसभर चिखलात धानाची रोवणी करून आलेल्या असतात, निम्म्या पेंगतात. यंदा एका संध्याकाळी मीही सकाळपासून थकलेली होते. वाचताना आवाज जड झाला. मन आवरण्याविषयीचा मजकूर आला, तशी पुढे बसलेली म्हातारी जागी झाली.

"बाई, बन म्हनलं का तुमी? बन आवराव?"

"मन म्हटलं, मावशी."

"मले तं बनच आयकू आलं. बन कोन आवरन जी? तिथी वाघ बसून राह्यला."

बाया हसल्या. मागून एक म्हणाली, "बाईले वाचू दे नं, बुडे. त्यायच्या आवाजाबिगर आमाले झोप येत नाई."

मी ग्रंथ दुसरीच्या हाती दिला. त्यांचे हसणे निर्मळ होते. मी मात्र मनात हिशेब मांडत होते. आजार परतला असेल, तर पुन्हा मोठा डोस, पुन्हा पेज, आणि वाचन कायमचे संपलेले. पहिल्या वेळी मी तरुण होते. या वयात ते सारे पुन्हा पेलण्याचे बळ माझ्यात नव्हते.

घरी आल्याबरोबर मी पतींना म्हणाले, "परत आला."

"कोन?"

"आजार. मावशींनी चूक पकडली."

"काय म्हनलं बुडीनं? नेमकं सांग."

"मी 'मन' वाचलं, त्यांना 'बन' ऐकू आलं."

हे बोलले आणि मी थबकले. चूक उलट्या दिशेची होती. माझा आजार 'ब'चा 'म' करतो. 'म'चा 'ब' व्हायला नाकाची वाट उघडी नव्हे, बंद असावी लागते.

"तुले सर्दी झाली," ते म्हणाले. "सकायपासून नाक वढून राह्यली. मी बोललो तं मलेच म्हने, धूळ हाये."

तरीही दुसऱ्या दिवशी आम्ही नागपूरला गेलो, कारण सर्दीनेही हा आजार जागा होऊ शकतो. डॉक्टरांनी मला छताकडे पाहत बसवले, हात पसरून धरायला लावले, मोठ्याने अंक म्हणवून घेतले. आजार शांतच होता.

"मग मी एवढी थकते कशाने?" मी विचारले.

"वयाने," ते म्हणाले.

परतताना ब्रह्मपुरीहून जीप धरली. रोवणीच्या बाया दाटीवाटीने बसल्या होत्या. एकीने न विचारता माझ्या खांद्यावर डोके टेकले आणि ती झोपी गेली. मीही तशीच थकले होते. हा थकवा माझ्या वयाच्या कोणाही बाईला येतो तोच होता. तो मला मिळाला, याचे मी मनोमन आभार मानले आणि डोळे मिटले.

आता वाचकांना विनंती. माझ्या शब्दावर विसंबू नका. नाक चिमटीत धरून 'मन' म्हणा आणि पहिले अक्षर काय ऐकू आले, ते जवळच्या माणसाला विचारा. असा आजार तुम्हाला असेल, तर केवळ अक्षरांवर भरवसा ठेवू नका. डॉक्टरांकडूनही तपासून घ्या.