तीन बोटं

"दुखतंय किती ते नंतर सांगा. आधी बोटं किती जातात ते बघू."

गालावर हात धरून आलेल्या प्रत्येकाला आमच्या डॉक्टरबाई पहिल्यांदा हेच म्हणायच्या. मग तोंड किती उघडतंय ते कळायला त्याला स्वतःचीच तीन बोटं एकावर एक धरून दातांमध्ये घालायला लावायच्या. भाईंदर पूर्वेला त्यांचा दातांचा दवाखाना आणि त्याला लागून माझं औषधांचं दुकान. बाकावर तोंडात बोटं घालून बसलेली मोठमोठी माणसं मला गल्ल्यावरून दिसायची. तुम्हीही हसला असतात.

कुणी "मॅडम, बस एक गोली दे दो" म्हटलं की बाई मला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायच्या, "गोली बाजू में मिलती है. वो बिना देखे देता है."

ते खरंच होतं.

उत्तनची एक मासेवाली मावशी आमच्या गल्लीत यायची. एकदा ती जबड्याखाली सूज आणि त्यावर हळदीचा लेप घेऊन आली. घरच्यांनी गालगुंड ठरवलं होतं, मीही मान डोलावली आणि दुखण्याच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी दुकानात येऊन ती म्हणाली, "आता दुखत न्हाय." मला बरं वाटलं. शब्द जड येत होते, ती पदराने सारखी लाळ पुसत होती, पण तिकडे माझं लक्षच नव्हतं.

बाईंचं होतं. नुसता आवाज ऐकून त्या दवाखान्यातून बाहेर आल्या.

"मावशी, थुंकी गिळता येतेय?"

मावशीने मान हलवली. नाही. बोट एकच गेलं, तेही जेमतेम. बाईंनी हनुवटीखाली दाबून पाहिलं, बॅटरी लावून जिभेखाली पाहिलं.

"गालगुंड नाही हे. दाढेचा पू खाली उतरलाय. सूज श्वासाच्या वाटेवर चाललीय."

"पण दुखायचं थांबलंय म्हणते ती," मी म्हणालो.

"दुखणं तुझ्या गोळीने थांबलंय. पू नाही थांबला."

त्यांनी हॉस्पिटलला फोन केला, मावशीला रिक्षात ताठ बसवलं, आडवं होऊ दिलं नाही, आणि स्वतः सोबत गेल्या. आत खुर्चीत एक पेशंट आ वासून बसला होता.

मानेला छेद देऊन पू काढला, दाढ काढली. अजून उशीर झाला असता तर श्वासाची नळी घालणंही कठीण होतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. मावशी महिन्याभराने पाटी घेऊन परतली. बाईंना तिने मोठं पापलेट दिलं. मला म्हणाली, "तुला सुका बोंबील पण न्हाय." बाई मात्र मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. मला ते फार लागलं.

पुढे बाईंचा हात कापायला लागला. त्यांनी दवाखाना बंद केला आणि मुलीकडे पुण्याला गेल्या. मला त्यांची आठवण येते, टोमण्यांसकट.

मागच्या महिन्यात मावशी सुनेला घेऊन आली. सुनेचा गाल सुजलेला. दुकानात संध्याकाळची गर्दी होती.

"डाक्टर गेली ना? मंग तूच बघ," मावशी म्हणाली.

"मला बघता येत नाही, मावशी."

इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदाच कबूल केलं. गिऱ्हाइकांची माफी मागितली, शटर खाली ओढलं आणि दोघींना हॉस्पिटलला न्यायला रिक्षाला हात केला.