पूजेला बसलेल्या चार सायकली

आमच्या घरात माणसं पाच आणि सायकली चार. पाचव्या माणसाचं, म्हणजे सासूबाईंचं, म्हणणं असं की चार सायकलींवर लक्ष ठेवायला एक तरी माणूस पायी चालणारं हवं.

चऱ्होलीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका खांबाला त्या चौघी टेकून उभ्या असतात. माझी, जिचं मागचं कॅरिअर भोसरीतल्या एका वेल्डिंगवाल्याकडून हातभर वाढवून घेतलं आहे. तिच्यावर आजवर लेक, भाजी, गव्हाचा डबा आणि एकदा शिलाई मशीनसुद्धा बसून गेलं आहे. नवऱ्याची गिअरची. सात वर्षांच्या लेकीची लाल. आणि बाबांची काळी, दांडीची. सासरे काळेवाडीत राहायचे तेव्हा तिच्यावरूनच कंपनीत जायचे. निवृत्त झाल्यापासून ते ती दर रविवारी पुसतात, चेनला तेल देतात आणि पुन्हा खांबाला टेकवतात.

"काय हो, सायकलचं दुकान काढताय काय?" सोसायटीतले एक काका मला दर आठवड्याला विचारतात. मी दर आठवड्याला हसते. त्यापलीकडचं उत्तर मला सुचतं, पण ते घरी पोचल्यावर.

मी कमी बोलते. लहानपणी इंग्रजी शाळेत मराठी बोललं की बाई डोळे वटारायच्या आणि घरी इंग्रजी बोललं की आजोबा हसायचे. त्यातून मी गप्प राहायची सवय लावून घेतली असावी. गप्प माणसाला सगळ्यात उपयोगी शब्द म्हणजे 'हो'. हो म्हटलं की प्रश्न संपतो, समोरचा खूश होतो आणि आपण आपल्या कामाला मोकळे. त्या दसऱ्याला मात्र याच शब्दाने माझी पंचाईत केली.

बेत साधा होता. सायकलींवरून जायचं, एक रात्र तंबूत राहायचं, परत यायचं. नवरा आणि मी आधी दोनदा असे गेलो होतो. तेव्हा लेक माझ्या मागच्या सीटवर बसून रस्ताभर सूचना देत होती. या वेळी ती स्वतःच्या लाल सायकलवरून येणार होती. तसं वचन तिने उन्हाळ्यात आमच्याकडून घेतलं होतं आणि सहामाही परीक्षा संपेपर्यंत रोज एकदा तपासून पाहिलं होतं.

जागाही ठरली होती. सोसायटीच्या गेटवर पालेभाजी घेऊन बसणाऱ्या मावशींचं शेत आळंदीच्या पुढे, शेलपिंपळगावच्या बाजूला आहे. बाजरी निघाली होती आणि कांदा लावायचा होता. मधले थोडे दिवस एक तुकडा रिकामा होता. "या की, तंबू ठोका न्हाईतर मांडव घाला," मावशी म्हणाल्या होत्या. नवऱ्याला खंडेनवमी आणि दसरा अशी दोन दिवस सुट्टी. नवमीला सकाळी निघायचं, दसऱ्याला जेवायला घरी.

आदल्या संध्याकाळी मी पलंगावर तंबूच्या खुंट्या मोजत बसले होते. स्वयंपाकघरातून आईंचा आवाज आला.

"उद्या पूजेला सायकली पण घ्यायच्या ना गं?"

"हो."

"सगळ्या?"

"हो हो, सगळ्या."

एक खुंटी कमी भरत होती. ती उशीखाली सापडली. मी खूश झाले.

सकाळी सहाला आम्ही तिघं सामान घेऊन खाली उतरलो. लेकीने हेल्मेट घरातच घातलं होतं आणि लिफ्टच्या आरशात दोनदा बघून घेतलं होतं. पार्किंगमध्ये उदबत्तीचा वास येत होता. चारही सायकली ओळीने उभ्या होत्या. धुतलेल्या, पुसलेल्या, हँडलला झेंडूच्या माळा, चाकांवर हळदकुंकू. पुढे रांगोळी. पाटावर नट आवळायचे पाने, पक्कड, हवेचा पंप आणि पंक्चरची डबी मांडलेली. पलीकडे स्कूटर आणि गाडीलाही माळा. बाबा धोतर नेसून नारळाच्या वाट्या वेगळ्या करत होते.

"वा!" मी म्हणाले. मनापासून म्हणाले. मग सामानाची पिशवी माझ्या कॅरिअरवर ठेवायला गेले.

"अगं अगं, हात नको लावू!" बाबा म्हणाले. "पूजा झाली. आता उद्याच."

माझ्या माहेरी वडील बँकेत होते. दसऱ्याला स्कूटरला हार घालायचे आणि त्याच हारासकट आम्हाला नातेवाइकांकडे न्यायचे. पूजा म्हणजे पाच मिनिटं, अशी माझी समजूत. खंडेनवमीला पुजलेल्या अवजाराला दसऱ्यापर्यंत कामाला लावायचं नाही, हे मला लग्नाच्या नवव्या वर्षी, हातात तंबू असताना कळलं.

"आई, हे काल नाही का सांगायचं?" नवऱ्याने वर फोन लावून विचारलं. फोन स्पीकरवर होता.

"मी विचारलं होतं रे. एकदा नाही, दोनदा विचारलं. सगळ्या घ्या म्हणाली."

नवरा माझ्याकडे बघायला लागला. बाबा माझ्याकडे बघायला लागले. लेक हेल्मेटच्या आतून बघायला लागली, आणि ते सगळ्यात वाईट होतं.

"आजोबा, माझी लहान आहे. तिची पूजा थोडीशीच झाली असेल ना?"

बाबा तिच्यासमोर उकिडवे बसले. "हे बघ बाळा. कंपनीत आमचं मशीन वर्षभर तिन्ही शिफ्टला चालायचं. आम्ही घरी जायचो, झोपायचो. त्याला झोप नाही. मग खंडेनवमीला त्याला पुसायचं, तेल द्यायचं, हळदकुंकू लावायचं आणि मेन स्विच बंद करायचा. मग मोठे साहेब आले तरी मी स्विचला हात लावू द्यायचो नाही. वर्षातला एक दिवस. तेवढा तरी त्याचा नको?"

लेकीने लाल सायकलकडे बघितलं. "माझी रोज झोपते," ती म्हणाली. पण आवाज उतरला होता. मग तिने सायकलशेजारी फरशीवर बैठक मारली, हेल्मेटसकट. येणारे-जाणारे विचारत होते, काय गं, कुठे निघालीस? ती सांगत होती, "कुठेच नाही."

मला वाद घालता येत नाही. शिवाय खरं सांगायचं तर बाबांचं म्हणणं मला आवडलं होतं. चूक माझी, रीत त्यांची आणि वचन लेकीचं. यातलं मोडायचं तर तिसरंच मोडणार, हे दिसत होतं.

वर येऊन मी मावशींना फोन लावला. फोन करायचा म्हणजे मला आधी मनात वाक्यं जुळवावी लागतात. ती जुळवली.

"उद्या या की मग," मावशी म्हणाल्या. "पण परवा सकाळी मोटार चालू करायची हाय. वाफं भिजवायचं, लागणीला बाया सांगितल्यात. उद्याच्या उद्या आलात तर आलात. मग न्हाई जमायचं, दिवाळी झाली तरी न्हाई."

परवा सकाळी नवऱ्याची पहिली शिफ्ट. कंपनीची बस पाचला येते. तो रात्री राहू शकत नव्हता.

दुपारी जेवताना निकाल लागला. विळीही पूजेला बसली होती, म्हणून आईंनी भाजी आदल्या संध्याकाळीच चिरून ठेवलेली. ती वाढता वाढता त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी जा. काय पळून चाललंय?" नवरा म्हणाला, "हो, पुढच्या वर्षी नक्की." लेकीने मान खाली घालून भाताचा एकेक दाणा वेगळा करायला घेतला. रडली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी ती आठ वर्षांची होणार. मला एकदम वाटलं की ही मुलगीही उद्यापासून 'हो' म्हणायला लागेल. माझ्यासारखी.

"उद्या मी नेते तिला," मी म्हणाले.

"एकटी?" आई.

"त्या रस्त्याला कंटेनर असतात," नवरा.

"उद्या दसरा. कंपन्या बंद. कंटेनर कुठून येतील?" हे मीच बोलले. मग कुणी काही म्हणायच्या आत, बहुधा धीर संपायच्या आत, मी बाबांकडे वळले. "बाबा, तुम्ही चला ना आमच्याबरोबर. तुमच्या सायकलवर."

"मी?" बाबांच्या हातातला घास तसाच राहिला. "माझी सायकल आता पूजेपुरती. आणि गुडघे..."

"तीस वर्षं काळेवाडीहून भोसरीला गेलात," आई म्हणाल्या. "थंडीत, पावसात. नाइट करून आलात. तेव्हा नव्हते होय गुडघे? आता नातीबरोबर जायचं म्हटल्यावर फुटले!"

लेकीने मान वर केली. बाबांनी आईंकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"हवा बघावी लागेल," ते म्हणाले. "पण उद्या. आज पंपाला हात लावायचा नाही."

दसऱ्याच्या सकाळी बाबांनी सायकलींवर अक्षता टाकल्या आणि प्रत्येक सायकल हातभर पुढे सरकवली. झालं, मोकळ्या झाल्या. नवऱ्याने आमच्या तिघांच्या सहाही चाकांची हवा तपासली आणि मला इतक्या सूचना दिल्या की पूर्वीची लेक आठवली. तंबू बाबांच्या कॅरिअरवर जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळला. आईंनी श्रीखंडाचा डबा, पुऱ्या आणि मावशींसाठी आपट्याची पानं दिली.

आळंदीपर्यंत लेक मधे, बाबा पुढे, मी मागे. पुढचा रस्ता एरवी मला बसमधूनही नको वाटतो. त्या दिवशी तो धुऊन वाळत घातल्यासारखा रिकामा होता. एरवी अंगावर येणारे सगळे ट्रक कडेला उभे होते, तोंडावर माळा, आरशांना केळीची पानं, चाकांखाली चिरडलेली लिंबं.

"यांची पण सुट्टी!" लेक ओरडली. मग तिने प्रत्येक ट्रकला घंटी वाजवायला सुरुवात केली. एका ट्रकखाली सतरंजी टाकून पडलेल्या ड्रायव्हरने झोपल्या झोपल्या हात वर केला.

आदल्या दिवशी निघालो असतो, तर पूजा उरकून पेढ्याचे बॉक्स घेऊन घरी पळणारी निम्मी एमआयडीसी याच रस्त्यावर भेटली असती. हे मला चढावर सुचलं. बाबांना सांगावं असं वाटलं, पण बाबा खाली उतरून सायकल ढकलत होते आणि त्यांना दम लागला होता. लेक पुढे निघून गेली, वळून बघितलं आणि तीही उतरली.

"तू का उतरलीस?"

"आजोबा एकटे पडतील म्हणून," ती माझ्या कानात म्हणाली.

तीनदा थांबलो. दोनदा बाबांसाठी, एकदा खेकडा दिसला म्हणून. शेताच्या बांधाशी मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"अगं बया! ही एवढीशी चालवत आली व्हय? आमी आपलं गाडीची वाट बघतोय."

लेकीने सायकलचं स्टँड लावलं, हेल्मेट काढलं आणि घामाने चिकटलेल्या केसांनिशी गंभीरपणे म्हणाली, "आजोबा पण चालवत आले."

मावशींचे यजमान हसून हसून खोकायला लागले. "पाव्हणं, घरात निजा की. तंबूत कशाला हाल?"

"मालकीण बाई तंबूतच म्हणतात," बाबा नातीकडे बोट दाखवत म्हणाले आणि दगडाने खुंट्या ठोकायला बसले. प्रत्येक खुंटी ठोकल्यावर ओढून बघत होते, कंपनीत नट आवळल्यावर बघत असतील तसं. संध्याकाळी आम्ही मावशींना सोनं दिलं, त्यांनी पिठलं-भाकरी दिली, आणि लेक श्रीखंडाचा डबा चाटता चाटता बसल्या जागी झोपली. माझ्या मागच्या सीटवर झोपायची, अगदी तशी.

सकाळी मोटार सुरू झाल्याच्या आवाजाने जाग आली. तंबू गुंडाळून बांधावर ठेवतो न ठेवतो तोच पाणी पाटातून आमच्या जागेवर शिरलं. लागणीला आलेल्या बाया रोपांच्या जुड्या घेऊन उभ्या होत्या. "निजला असता तर तुम्हालाच लावलं असतं कांद्यासंगट," त्यातली एक म्हणाली. मी हसले, आणि मग म्हणाले, "उगवलो असतो का चांगले?" बाई मोठ्याने हसली. उत्तर जागच्या जागी सुचलं होतं. घरी जाईपर्यंत थांबावं लागलं नाही.

दुपारी पार्किंगमध्ये पोचलो तेव्हा आई खाली उतरून आल्या होत्या. आधी नातीला जवळ घेतलं, मग बाबांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"पोरीची ट्रायल ओके," बाबांनी कंपनीच्या भाषेत रिपोर्ट दिला. "जातानाही, येतानाही."

"आणि तुमची?"

"रीवर्कला पाठव," बाबा खांबाला टेकून गुडघा चोळत म्हणाले. "तेल कोमट कर जरा."

आई तेल तापवायला वर निघाल्या. लिफ्टपाशी थांबून त्यांनी मला विचारलं, "काय गं, पुढच्या वर्षी पण सायकली पूजेला घ्यायच्या ना?"

"हो," मी म्हणाले. "सगळ्या. पण निघायचं दसऱ्यालाच."