रिकामा फोल्डर

बाबा गेल्यावर त्यांच्या कॉम्प्युटरवरचे फोटो मला वाघोलीला माझ्या घरी न्यायचे होते. आई-बाबांच्या कोथरूडच्या घरी बसून मी छोटीशी स्क्रिप्ट लिहिली. प्रत्येक फोल्डरची एक झिप फाइल करायची आणि रिकामे फोल्डर वगळायचे, एवढंच तिचं काम. रिकामा एकच निघाला: 'रिटायर झाल्यावर'. पुढच्या सहलींसाठी बाबांनी तो आधीच करून ठेवला होता. सहली राहूनच गेल्या.

"हा राहू दे, यात काहीच नाही," मी म्हणालो.

"काही नाही म्हणून मागे ठेवणार?" आईने विचारलं.

शेजाऱ्यांचा डबासुद्धा ती कधी रिकामा परत करत नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालते. पण मी वैतागलोच. "आई, हा डबा नाहीये गं!"

ती उठून स्वयंपाकघरात गेली. आली ती मोबाइल पुढे करत. "हा आत्ता काढलेला फोटो त्यात घाल. मग चालव तुझं ते काय आहे ते."

फोटोत बाबांचा चहाचा कप होता. तळाशी चिमूटभर साखर.

मी स्क्रिप्ट पुन्हा चालवली. या वेळी तिने काहीच मागे ठेवलं नाही.